मागल्या वर्षीच्या झावळ्या

भस्म बुधवारच्या आदल्या संध्याकाळी देवळामागच्या मोकळ्या जागेत घमेलं मांडून मागल्या वर्षीच्या झावळ्या जाळायचं काम गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. (आमच्या नगर जिल्ह्यात जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात, मलाही तीच सवय.) झावळ्यांच्या रविवारी हाती आलेलं पान लोक घरी नेतात आणि तसबिरीमागे नाहीतर कॅलेंडरच्या खिळ्याला खोचून ठेवतात. वर्षभरात ते वाळून तांबूस होतं, त्याला कोळिष्टकं धरतात. बुधवार जवळ आला की ही पानं परत यायला लागतात. कुणी पिशवीतून आणून देतं, कुणी नातवाच्या हाती पाठवतं, कुणी विसरतं. पोतंभर झावळ्या जाळल्या तरी राख वाटीभर भरत नाही.

ती राख वस्त्रगाळ करायची आणि खोबरेल तेलाच्या दोन थेंबांत कालवायची. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून पाणी घातलं होतं. सकाळची उपासना आटोपेपर्यंत तिघाचौघांची कपाळं लाल झाली. राखेत पाणी पडलं की क्षार सुटतो आणि तो कातडीला झोंबतो. राखुंडीनं दात आणि राखेनं भांडी घासलेल्या पिढीतली मी, मला हे ठाऊक असायला हवं होतं. पाळकसाहेब हसून म्हणाले, "बाई, यंदा पश्चात्ताप जरा जास्तच लागला."

कपाळाला राख लावणं आमच्या घराण्यात तसं नवंच. वडिलांकडची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची. ते मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली नगरला आले. काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे मागे प्युरिटनांचा वारसा. शास्त्रात जे सांगितलेलं नाही ते पाळायचं नाही, असा त्यांचा खाक्या. त्यामुळे भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, नाही आणि राखही नाही. आजोबा म्हणायचे, "चाळीस दिवस चांगलं वागायचं, मग उरलेले तीनशे पंचवीस दिवस काय करायचं?" त्यांना उत्तर देणारं घरात कुणी नव्हतं.

आईचं माहेर मात्र एस. पी. जी. मिशनचं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं. त्यांच्याकडे लेंटमध्ये लग्न निघत नसे, घरात गोडधोड होत नसे. राख त्यांच्याकडेही नव्हती, पण शाप होते. जुन्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात भस्म बुधवारसाठी एक वेगळी उपासना दिली आहे. पाळक एकेक शाप वाचतो आणि प्रत्येक शापाला मंडळी आमेन म्हणते. आंधळ्याला वाट चुकवणाऱ्याला शाप, आईबापांचा अपमान करणाऱ्याला शाप, शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवणाऱ्याला शाप. ही हद्दीची खूण म्हणजे आमच्या भाषेत बांध. आई सांगायची की मंडळीत निम्मे शेतकरी. बाकी सगळ्या शापांना दणदणीत आमेन पडायचं, आणि बांध कोरणाऱ्याचा शाप आला की आवाज खाली जायचा.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. वडिलांकडची आणि आईकडची मंडळी कागदावर एक झाली. लेंट पाळणारे आणि न पाळणारे एकाच बाकावर आले. राख खूप नंतर आली. हल्लीचे पाळकसाहेब सहा वर्षांपूर्वी बदलून आले, त्यांनी आणली. पण राखेवर येण्याआधी भिंतीचं सांगायला हवं, कारण आमच्याकडे लेंटला काही अर्थ आला तो तिच्यामुळे.

देवळाच्या कंपाउंडला लागून मंडळीतल्याच एका कुटुंबाचं घर आहे. अकरा वर्षांपूर्वीच्या पावसात मधली जुनी दगडी भिंत ढासळली. कमिटीनं नवी बांधली, आणि ती आपल्या जागेत चार फूट आत आली असं त्या घराचं म्हणणं पडलं. माझा भाऊ तेव्हा कमिटीचा सेक्रेटरी. मोजणी झाली, ती एका बाजूला मान्य नाही. फेरमोजणीचा अर्ज झाला, त्यावर हरकत आली. मी सहकारी बँकेत तीस वर्षं काढलेली, त्यामुळे खुलासे आणि हरकती लिहायला माझा हात बसलेला. धर्मादाय आयुक्तांकडे आमच्या बाजूनं जे कागद गेले त्यांतला निम्मा मजकूर माझा आहे. त्यात खोटं एकही वाक्य नाही. तरी आज ते कागद माझ्याच्यानं वाचवत नाहीत. ज्या माणसाला मी पानोपानी 'सदर इसम' म्हटलं, त्यानं शब्बाथ शाळेत माझ्याकडून दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या. शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नये ही दहावी. तिच्याशी मी अडखळायचे, म्हणून ते ती दोनदा म्हणवून घ्यायचे.

मग देवळात शिरलं की उजवीकडे आम्ही आणि डावीकडे ते, असं झालं. पूर्वी आमच्याकडे बायका एका बाजूला आणि पुरुष एका बाजूला बसायचे. प्रगती होऊन आता गट बसायला लागले. ख्रिसमसच्या करंज्या भिंतीवरून जायच्या बंद झाल्या. एका घरचं लग्न दुसऱ्या घराला वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसारखं लांबून कळायला लागलं.

भिंतीच्या तिसऱ्या वर्षी ते माझे शब्बाथ शाळेचे गुरुजी वारले. आम्ही मातीला गेलो नाही.

मराठी वाचकाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. लग्नाला न गेलेलं माणूस विसरलं जातं, मातीला न गेलेलं विसरलं जात नाही. मी त्या दुपारी घरातच होते. घंटा ऐकली. आमच्याकडे मातीची घंटा वेगळी असते, एकेक ठोका, मध्ये बरंच अंतर. मी डाळ निवडत बसले.

असं तुटलेलं बरं कसं होतं, याचा विचार करताना मला एक शब्द आठवतो. आम्हा ख्रिस्ती लोकांत 'चंगाई' हा शब्द फार चालतो. बाहेरच्याला तो चटकन कळत नाही. चंगाई म्हणजे बरं होणं, पण प्रार्थनेनं, देवाच्या हातानं. मैदानात मांडव पडतो, लाउडस्पीकर लागतो, चंगाईच्या सभेचे फलक एस. टी. स्टँडपर्यंत दिसतात. मी त्या सभांची टिंगल करणार नाही. डॉक्टरांनी हात टेकलेली माणसं कुठेतरी जाणारच, आणि तिथे निदान कुणीतरी त्यांच्या डोक्यावर हात ठेवतं. मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या ओळखीतली एक शिक्षिका हाडाच्या कॅन्सरनं आजारी होती. तिला एका सभेत नेलं, ती बरी झाली नाही, आणि तिला सांगण्यात आलं की तुझा विश्वास कमी पडला. जाताना तिला एक दुखणं होतं, परत आली तेव्हा दोन झाली होती. माणसाला असं सांगणाऱ्यानं बांध कोरणाऱ्याच्या ओळीत उभं राहावं, असं माझं मत आहे.

तरी लेंट हा चंगाईचा काळ आहे असं मी म्हणते ते का, हे मला सांगता आलं पाहिजे. शुभवर्तमानांच्या मूळ ग्रीकमध्ये 'सोझो' असं एक क्रियापद आहे. येशू आजाऱ्याला बरं करतो तिथेही ते येतं आणि माणसाचं तारण होतं तिथेही तेच येतं. मराठीत येताना त्याचे दोन शब्द झाले, बरं करणं आणि तारणं. मी बँकेतली बाई. माझ्या कानाला तारण म्हटलं की आधी गहाण टाकलेलं सोनं आठवतं, मग सातबारा, आणि शेवटी येशू. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. अडकलेलं काहीतरी सुटायचं असतं, आणि ते एका दिवसात सुटत नाही.

चंगाई एका रात्रीत होत नाही हे मला कळलं ते आईमुळे, बायबलचा अभ्यास पुढे झाला. ती नर्सिंग मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकली आणि पुढची सगळी नोकरी तिनं ड्रेसिंगच्या खोलीत काढली. शाळा सुटली की मी तिच्याकडे जाऊन बसायची. मोठं गळू कापलं की डॉक्टर त्याला टाके घालत नसत. जखम तशीच उघडी ठेवत. आई रोज त्यात औषधात भिजवलेली गॉजची पट्टी चिमट्यानं आत खोल भरायची आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढायची. माणूस कळवळायचं. नातेवाईक भांडायला उठायचे की टाके घालून एकदाचं मोकळं का करत नाही? आई पट्टी भरता भरताच सांगायची, "तोंड आधी मिटलं तर पू आत राहतो. बुडापासून भरत वर आलं पाहिजे." आठवड्याभरानं जखमेच्या तळाशी लालबुंद, दाणेदार, ओलसर मांस दिसायला लागलं की तिचा चेहरा खुलायचा. मला ते बघून शिसारी यायची. तिला ते सगळ्यात सुंदर वाटायचं.

आमच्या भिंतीच्या भांडणाचं तोंड दोनदा मिटवण्यात आलं होतं. एकदा वरिष्ठांच्या उपस्थितीत, एकदा आमच्या आमच्यात. दोन्ही वेळा हात मिळवले, पुष्पगुच्छ दिले, फोटो काढला. एक फोटो माझ्याकडे आहे. त्यात सगळे हसतायत आणि कुणीही कुणाकडे बघत नाही. पुढच्या रविवारी उजवीकडे आम्ही, डावीकडे ते.

नवे पाळकसाहेब आले ते माझ्या भाच्याच्या वयाचे. पहिल्याच भस्म बुधवारी त्यांनी राख काढली तेव्हा वडिलांकडच्या मंडळीत कुजबुज झाली की हे कॅथलिकांचं कशाला? त्यांनी वाद घातला नाही, गोष्ट सांगितली. प्राचीन मंडळीत राख सगळ्यांना नव्हती. ज्यांच्या हातून मोठं आणि उघड पाप घडलं त्यांना लेंटच्या आरंभी वेगळं काढत. ते गोणपाट नेसत, अंगावर राख घेत आणि प्रभुभोजनापासून दूर राहत. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी त्यांना सगळ्यांदेखत पुन्हा आत घेत. म्हणजे हा काळ मुळात दोघांसाठी होता. एक जे बाप्तिस्मा घ्यायची तयारी करत होते ते, आणि दुसरे जे बाहेर पडले होते ते. पुढे ती पद्धत मोडली. १०९१ साली इटलीत बेनेव्हेंतोला धर्मसभा भरली, तिनं ठरवलं की भस्म बुधवारी राख सगळ्यांनीच घ्यायची. पाळक, श्रीमंत, गरीब, सगळ्यांनी.

एवढं सांगून ते म्हणाले, "तेव्हापासून राख बघून पापी कोण ते ओळखता येत नाही. हीच त्यातली सोय आहे." मग त्यांनी वाटी खाली ठेवली आणि आधी स्वतःचं कपाळ आमच्या सगळ्यांत वयस्कर आजींपुढे वाकवलं. राख लावताना आजींचा हात थरथरत होता. मी हे लिहिते आहे ते सुंदर दिसावं म्हणून नाही. त्या दिवशी उजव्या बाजूच्या निम्म्या लोकांनी राख घेतली नाही हेही लिहायला हवं. माझा भाऊ त्यांतला एक.

पुढच्या रविवारी ते नायसियाच्या सभेवर बोलले. इसवी सन ३२५ मध्ये आजच्या तुर्कस्तानात भरलेली ही सभा तिच्या विश्वासांगीकारासाठी आम्हाला ठाऊक असते, पण तिनं वीस नियमही केले. पाचवा नियम मंडळीतून बाहेर टाकलेल्या लोकांबद्दल आहे. एखाद्याला बिशपानं बाहेर टाकलं ते खरोखर त्याच्या अपराधामुळे की बिशपाच्याच रागामुळे, हे तपासायला प्रत्येक प्रांतात वर्षातून दोन सभा घ्याव्यात असं तो सांगतो. त्यांतली एक चाळीस दिवसांच्या आधी घ्यायची, म्हणजे सगळा कोतेपणा निघून जाईल आणि देवापुढे जे अर्पण ठेवायचं ते स्वच्छ राहील. लेंटच्या चाळीस दिवसांचा जो अगदी जुना उल्लेख सापडतो तो हा. तो उपवासाच्या यादीत सापडत नाही, भांडणं मिटवण्याच्या नियमात सापडतो. ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ लहान मन. कोतं मन, आमच्या बोलीत.

मी त्या दिवशी वहीत 'कोतेपणा' एवढंच लिहून घेतलं होतं. बाकीचं प्रवचन कुणासाठी आहे ते मला पक्कं माहीत होतं. डावीकडच्यांसाठी.

लेंटमध्ये आमच्याकडे घरोघरी संध्याकाळच्या प्रार्थनासभा होतात. दर वर्षी आपापल्या गोतावळ्यात त्या वाटून घेतलेल्या असतात. पाळकसाहेबांनी त्या वर्षी यादी केलीच नाही. दानाच्या थैलीत सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि शब्बाथ शाळेतल्या एका पोरीला काढायला लावल्या. ज्या घरात प्रार्थना, त्या घराची चिठ्ठी आणि त्याबरोबर जाणाऱ्या चार घरांच्या चिठ्ठ्या. मला पुढे कळलं की मलयाळी सीरियन मंडळ्यांत लेंटच्या आरंभी समेट करण्याची जुनी रीत आहे. लेंटच्या पहिल्या सोमवारी त्यांच्यात 'शुब्कोनो' म्हणून उपासना असते. तिच्यात पाळकापासून पोराटोरांपर्यंत प्रत्येक जण प्रत्येकाची क्षमा मागतो, कुणाला वगळत नाही, आणि मग उपवासाला बसतात. आम्हाला ते माहीत नव्हतं. आमच्याकडे थैली होती.

आमची चिठ्ठी भिंतीपलीकडच्या घरी निघाली.

मी एकटी गेले. भावाला त्या दिवशी गावाला जावं लागलं. ज्या घरात लहानपणी मी न विचारता स्वयंपाकघरापर्यंत जायची, तिथे उंबऱ्यात चपला काढताना मला घाम फुटला. गुरुजींची खुर्ची तिथेच होती. 'उपासना संगीता'तली दोन गीतं झाली, वाचन झालं, प्रार्थना झाली. सगळे एकमेकांच्या पायांकडे बघत होते. चहा आला. मला वाटलं, आता चहा पिऊन निघता येईल, म्हणजे आणखी एक फोटो. मी कप खाली ठेवला आणि गुरुजींच्या सुनेला म्हटलं, "मी मातीला आले नाही."

ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, "आम्ही वाट बघितली होती. पेटी दहा मिनिटं जास्त उघडी ठेवली."

एवढंच. 'जाऊ द्या' म्हणाली नाही, 'विसरा' म्हणाली नाही. तिनं तसं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. चिमट्यानं पट्टी ओढून काढावी तसं ते वाक्य निघालं, आणि मला आईच्या खोलीतली माणसं आठवली. मग ती म्हणाली, "चहा निवतोय."

उपवासाबद्दल थोडं. वसईकडची कॅथलिक माणसं शुक्रवारी मांस सोडतात आणि क्रुसाच्या वाटेवर चौदा ठिकाणी थांबतात. आमच्याकडे ज्यानं त्यानं आपलं ठरवावं. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आम्हालाही लागू आहे. मटण सोडलेल्या घरांत चाळीस दिवस पनीर इतकं शिजतं की डेअरीवाला आमच्या कॅलेंडरवर लक्ष ठेवून असतो. हिशेबाची म्हणून सांगते, बुधवारपासून ईस्टरपर्यंत मोजले तर दिवस शेहेचाळीस भरतात. सहा रविवार वजा होतात, कारण रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नाही. मी भिंतीच्या पहिल्या पाच वर्षांत उपवास फार कडक केले. एक वेळ जेवण, साखर बंद. आणि माझे सगळ्यात जहरी अर्ज त्याच महिन्यांत लिहिलेले आहेत. तारखा बघून सांगते. रिकाम्या पोटी भाषेला धार चढते.

हे मला दिसलं ते यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचताना. तो बुधवारी वाचतात, मी तो पन्नास वेळा तरी ऐकला असेल. संदेष्टा लोकांना विचारतो की उपवास करता आणि त्याच दिवशी भांडता, बुक्क्या मारता, हा कसला उपवास? पुढे तो खरा उपवास सांगतो. जू मोडायचं, भाकरी वाटायची, उघड्याला पांघरूण घालायचं, आपल्याच रक्तामांसाच्या माणसाला तोंड चुकवायचं नाही. तसं केलं तर तुझी जखम भरून येईल, असं त्याचं म्हणणं. पाळकसाहेबांनी तिथल्या हिब्रू शब्दाकडे बोट दाखवलं. अरूखा. जखमेत तळापासून जे नवं मांस धरतं, ते. आईचं लालबुंद, दाणेदार मांस. आणि हाच शब्द नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमच्या पडक्या भिंतींसाठी आला आहे. भिंतींची डागडुजी होऊ लागली, भगदाडं बुजू लागली, असं तिथे म्हणायचं आहे. म्हणजे मूळ हिब्रूत भिंतीलाही मांस धरतं.

मला हसू आलं. आमची भिंत उभी राहिली म्हणून आम्ही आजारी पडलो होतो.

त्यानंतर पाच लेंट झाले. सगळं बरं झालं असं मी लिहिणार नाही. देवळात बसण्याच्या बाजू थोड्या ढिल्या झाल्या आहेत. उशिरा येणारे जिथे जागा मिळेल तिथे बसतात, आणि आमच्यात उशिरा येणारे पुष्कळ. करंज्या भिंतीवरून पुन्हा सुरू झाल्या, आधी एकीकडून, मग दोन्हीकडून. मी कमिटीला लिहून दिलं की यापुढे या प्रकरणात माझ्या हातचा कागद जाणार नाही. त्यावर आमच्याच बाजूच्या दोघांनी मला फितूर म्हटलं. गुरुजींच्या कबरीवर मी दर वर्षी पुनरुत्थानदिनी पहाटे मेणबत्ती लावते. त्यानं दहा मिनिटं भरून निघत नाहीत, आणि निघावीत अशी माझी मागणीही नाही. फेरमोजणीचा निकाल अजून लागलेला नाही. भिंत जिथे होती तिथेच आहे.

चंगाई झाली का, असं कुणी विचारलं तर मी आईसारखं उत्तर देईन की पट्टी रोज बदलतेय. तिच्याकडे येणारी काही माणसं मधेच यायची बंद व्हायची. पुष्कळदा ती बरी झालेली नसायची, दुखतं म्हणून येत नसायची. आई त्यांची नावं वहीत तशीच ठेवायची. खोडायची नाही.

माझ्या भावाचं नाव दर वर्षी थैलीत असतं. दोन वर्षं ते भिंतीपलीकडच्या घरी निघालं आणि दोन्ही वर्षं त्या संध्याकाळी त्याला गावाला जायचं काम निघालं. तो राख घेत नाही, आजोबांचं वाक्य सांगतो. आजोबांनी ते भिंतीसाठी म्हटलं नव्हतं, हे त्यालाही माहीत आहे. मी त्याच्याशी वाद घालत नाही. त्यानं भिंत बांधली तेव्हा तिला पाणी मारायला मीच उभी होते.

यंदा मंगळवारी दुपारपर्यंत अठ्ठावीस घरांच्या झावळ्या आल्या. भिंतीपलीकडच्या घरून गुरुजींचा पणतू जुडी घेऊन आला. दारानं यायचं सोडून तो भिंतीवरूनच उतरला आणि गुडघा खरचटून घेतला. मी त्याला हळद लावली. संध्याकाळी घमेलं पेटवायला घेतलं तेव्हा वहिनी आली. पदराखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पान होतं, सहा वर्षांत पहिल्यांदाच. तिनं ते माझ्या हातात दिलं आणि लगेच परत फिरली. भावाला तिनं सांगितलेलं नव्हतं.